बीबाला का पाठवलं

ग्राबोवित्सा,
बुधवार, ११ ऑक्टोबर २०२३

प्रिय नेविया,

तुझी कॉफी आणि लोकरीचे मोजे पोचले. मोजे लगेच घातले, कॉफी रविवारसाठी ठेवली आहे. तिकडे त्रिएस्तेत तुझं आणि दाजींचं बरं असेल. इकडे आम्ही ठीक आहोत. द्राक्षं उतरवून झाली. जूनमधल्या गारांनी निम्मी नेली होती, उरली ती गोड निघाली. माझा लिव्यो म्हणतो वाइन पातळ होणार. तो दर वर्षी हेच म्हणतो आणि मग दर वर्षी सगळ्यांत जास्त तोच पितो.

लोरेनाची छाती मोकळी आहे, हे आधी सांगते, कारण तू पत्र उघडल्यावर तेच शोधशील. एप्रिलनंतर एकदाही दवाखान्यात राहावं लागलं नाही. घर मात्र तू आलीस तर ओळखणार नाहीस. गालिचे गेले, पडदे गेले, आईने विणलेली ती जाड लोकरी चादर माळ्यावर बांधून टाकली. गादीला बंद खोळ आहे, पोरगी कूस बदलते तेव्हा ती करकरते. सान्या दर शनिवारी चादरी उकळत्या पाण्यात धुते. सून म्हणून तिच्याबद्दल मी पूर्वी काय काय लिहिलं असेल ते असेल, पण लेकीसाठी ती राबते. फ्रिजवर डॉक्टरांचा तक्ता चिकटवला आहे, हिरवा, पिवळा, लाल. लोरेना सकाळी नळीत फुंकते, काटा कुठे गेला ते बघते आणि आजीला ओरडून सांगते, ‘नोना, मी हिरवी आहे!’ पंप कमरेच्या पिशवीत असतो, एक शाळेत बाईंकडे असतो. आठ वर्षांची पोर, आणि पंपाचे झोत मोजत श्वास रोखून धरते तेव्हा एखाद्या म्हाताऱ्या बाईसारखी गंभीर दिसते.

मांजरी सान्याच्या आईकडे सुखात आहे. मूशाला काय, जिथे चूल तिथे तिचं घर.

बीबाबद्दल तू विचारत नाहीस. मीही सहा महिने लिहिलं नाही. अंगणात कुत्रीचं पाण्याचं भांडं होतं ते मी उलटं घालून ठेवलं आहे. उचलून टाकलं नाही.

तुला माहीत आहे, झ्वानेने जंगलातल्या त्याच्या जागा कधी कुणाला दाखवल्या नाहीत. आपल्याकडे कुणीच दाखवत नाही. माणूस मातीखालचं ट्रफल, सोन्याच्या भावाचं ते अळंबं, काढतो, खड्डा बुजवतो, वर पानं पसरतो आणि घरी येताना दुसऱ्याच वाटेने येतो. झ्वाने तर स्मशानाच्या रस्त्याने जायचा आणि गिरणीच्या रस्त्याने परतायचा. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात त्याने मला एका झाडाचं नाव सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणायचा, ‘तू झोपेत बोलतेस, फूमा.’ आणि मग तो गेला, आणि त्या थंडीत बीबाने मला सगळं सांगितलं. मी नुसती तिच्यामागे चालायचे. ती एका ओकपाशी थांबायची, नाक जमिनीला लावायची, माझ्याकडे बघायची. मग पुढचं झाड. मी सहसा उकरतही नसे. तो इथे उभा राहिला असेल, इथे वाकला असेल, एवढं मला पुरत असे. एका जागी सपाट दगड होता, आणि दगडाच्या फटीत सिगारेटची थोटकं. बारा वर्षांपूर्वी त्याने माझ्या गळ्याची शपथ घेऊन सिगारेट सोडली होती! मी त्या दगडावर बसून एवढी हसले, की बीबा घाबरून भुंकायला लागली.

हे मी तुला आधीही लिहिलंय. पुन्हा लिहिते, कारण मी काय दिलं ते तुला आठवावं.

एप्रिलमध्ये त्या दिवशी तुम्ही चौघं लोरेनाच्या त्रिएस्तेच्या तपासणीहून आलात. कोट न काढताच स्वयंपाकघरात बसलात. लिव्यो म्हणाला, ‘आई, डॉक्टर म्हणाले दोन्ही जनावरं घरातून जायला हवीत. मांजरही आणि कुत्रीही.’ मी म्हटलं, बीबा तर अंगणात झोपते. तेव्हा तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, ‘फूमा, पोरीच्या श्वासाचा प्रश्न आहे.’ मग मी काय बोलणार? पाचव्या दिवशी लिव्यो तिला गाडीतून घेऊन गेला. उमागला, समुद्राजवळ एक निवृत्त जोडपं आहे, त्यांना फक्त सोबतीला कुत्रं हवंय, असं त्याने सांगितलं. मी तिची घोंगडी दिली, तिला आवडायची म्हणून भाकरीची शिळी कड दिली.

गेल्या आठवड्यात दुकानात पीठ घ्यायला गेले. दुकानवाली म्हणाली, ‘अर्मांदोचं नशीब फळफळलंय बघ. पाऊण किलोचं पांढरं ट्रफल! नवी कुत्री आणलीय म्हणे. तपकिरी. एक कान फाटलेला.’

मी विचारलं, ‘कुठला कान?’

‘आता कान कुठला हे कोण बघत बसतं?’ ती म्हणाली, आणि मग स्वतःच्या कानाला हात लावून म्हणाली, ‘डावा.’

अर्मांदो तुला आठवतो. नदीकाठच्या खानावळीचा मालक. वीस वर्षं झ्वानेच्या मागे मागे लपत फिरला आणि वीस वर्षं गिरणीपाशी चुकला.

रात्री जेवताना मी लिव्योला विचारलं. तो म्हणाला, ‘उमागच्या लोकांना झेपली नसेल, त्यांनी दिली असेल. मला काय माहीत?’ सूप वाफाळत होतं, आणि त्याने फुंकर न घालताच चमचा तोंडात घातला.

म्हणून तुला विचारते. तपासणीच्या वेळी तू आत होतीस, कारण तुझी इटालियन चांगली. डॉक्टर कुत्र्याबद्दल नक्की काय बोलले, ते आठवून लिही. त्यांचेच शब्द. घाई नाही, पण लिही.

दाजींना गुडघ्यासाठी ते मलम पुन्हा पाठवायला सांग. गेल्या वेळी गुण आला.

तुझी मोठी बहीण,
फूमा


ग्राबोवित्सा,
सोमवार, ३० ऑक्टोबर २०२३

नेविया,

तुझं पत्र आणि मलम मिळालं. तू इतक्या लवकर उत्तर कधीच देत नाहीस.

तू लिहितेस, ‘डॉक्टर म्हणाले दोन्ही प्राणी घालवा, आणि कुत्री आधी.’ कुत्री आधी. हे दोन शब्द तू कशाला जोडलेस गं? नुसतं ‘दोन्ही’ लिहिलं असतंस, तर मी म्हटलं असतं की बाई बिचारी विसरली, गडबडली. पण तू त्यावर आणखी एक टाका घातलास.

आता माझंही सांगते. मी विचारलं तेव्हा मला उत्तर माहीत होतं. सप्टेंबरच्या शेवटी शाळेने लोरेनाच्या लसींचं पुस्तक मागितलं. सान्या कामावर होती, मी खण उघडला. पुस्तकाखाली तपासणीचा कागद होता, चार घड्या घातलेला. इटालियनमधला. तो लपवायची कुणाला गरज वाटली नाही, कारण लिव्योला वाटतं मी कादंबऱ्या तेवढ्या वाचते, त्याही आपल्याच भाषेतल्या. मी पाचवीनंतर शाळा सोडली, कारण दोन गाई होत्या आणि दोन मुली, आणि एकीला तरी शिकवायचं होतं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण इटालियन मी तुझ्याच मासिकांतून शिकले. तू वाचून झालेले गठ्ठे पाठवायचीस ना, चूल पेटवायला होतील म्हणून. मी ते चुलीत घालण्याआधी वाचायचे.

कागदावर कशाची किती ॲलर्जी त्याच्या ओळी होत्या. मांजर, पायरी चौथी. घरातली धूळ, पायरी दुसरी. कुत्रा, शून्य. खाली डॉक्टरांच्या हाताने लिहिलेलं होतं: ‘मांजर घरातून हलवावी. कुत्र्याची अडचण नाही.’

मला वाटलं मला नीट कळलं नसेल. गुरुवारी पुस्तकांची गाडी चर्चपाशी थांबते, तिथे मी मुलांच्या दम्यावरचं पुस्तक मागितलं. आठवडाभर वाचत होते. मग बस पकडून पाझिनला गेले, लोरेनाच्या डॉक्टरीणबाईंना कागद दाखवला. त्या म्हणाल्या, ‘आजी, कुत्रीचा काही संबंध नाही. मांजर आणि धूळ. हे तेव्हाच सांगितलं असेल की तुम्हाला!’ मी म्हटलं, हो, सांगितलं होतं, मीच विसरले. बाहेर येऊन बाकावर बसले. एक बस गेली, दुसरी गेली. कशाला बसले होते ते सांगता येत नाही. झ्वाने गेला त्या दिवशीही मी असंच बाकावर बसले होते, पण तेव्हा निदान मला फसवलं कुणी नव्हतं.

त्यानंतर तुला पत्र लिहिलं. तू खरं लिहिलं असतंस, तर मी ते कागदाबरोबर ठेवून दिलं असतं आणि गप्प बसले असते. मला एक तरी माणूस हवं होतं, त्या स्वयंपाकघरातलं.

तुझं पत्र आलं तेव्हा लिव्यो तळघरात पिंप धूत होता. मी कागद त्याच्यापुढे धरला. त्याने नळ बंद केला.

‘तुला वाचता आलं?’ त्याचा पहिला प्रश्न हा!

‘आलं.’

‘आई, तू मागच्या थंडीत ओढ्यात पडलीस. दोन तास पडून होतीस, गुडघा सुजलेला, फोन घरी. कुत्री भुंकली नसती तर? आणि हे तू मला सांगितलं नाहीस. मावशीकडून कळलं मला.’

बरोबर आहे. मी ते फक्त तुला लिहिलं होतं, आणि खाली लिहिलं होतं, लिव्योला कळू देऊ नकोस.

‘मी तुला तीनदा म्हणालो,’ तो म्हणाला, ‘की मला बरोबर ने. जागा दाखव, मी जाईन, तू घरी बस. तू नेलंस? एकदा तरी? बाबांनी मला नेलं नाही, तूही नाही. अर्मांदो नेतो. त्याला कुत्री मिळाली, मला त्याच्याबरोबर काम मिळालं, तुझं जंगल सुटलं. सगळ्यांचंच बरं झालं. आधी सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का?’

‘नसतं ऐकलं.’

‘मग?’

‘मग भांडायचं होतंस. पोरीच्या छातीआड लपायचं नव्हतं.’

त्याने पुन्हा नळ सुरू केला.

नेविया, त्याचं एक म्हणणं खरं आहे, आणि ते मी तुलाही कधी लिहिलेलं नाही. तीनदा त्याने विचारलं आणि तीनदा मी नाही म्हटलं. तो ती जागा चार लोकांना दाखवेल, असं मी स्वतःला सांगायचे. पण खरं कारण ते नव्हतं. झ्वानेने जन्मभर मला बाहेर ठेवलं होतं, आणि आता मी आत होते. तिथे मला दुसरं कुणी नको होतं, त्याचा मुलगाही नको होता. हा माझा हावरटपणा. तो मी कबूल करते. पण हावरट बाईलाही तोंडावर सांगता येतं. तिचा हात धरून खोटं सांगायची गरज नसते.

तू म्हणशील, मला तुझी काळजी होती. असेल. मी पडले त्याने तू घाबरली असशील. तरी तू ते बोलली नाहीस. तुला ठाऊक होतं की माझ्यासाठी मी कुत्री सोडणार नाही, लोरेनासाठी लगेच सोडेन. बरोबर तिथेच तू हात घातलास. परक्याला हे जमलं नसतं.

इथपर्यंत माझं होतं. माझ्यापुरतं मी गिळलं असतं. पुढचं मात्र गिळता येत नाही.

एकोणीस तारखेला लोरेना मैत्रिणीकडे खेळायला गेली होती. तिथे मांजर आहे, हे तिने घरी सांगितलं नव्हतं. परत आली ती सरळ आत गेली. थोड्या वेळाने मी हाका मारल्या, उत्तर नाही. कोठीच्या खोलीत पिठाच्या पोत्यामागे बसली होती, तोंडात स्वेटरची बाही कोंबून, खोकला ऐकू जाऊ नये म्हणून. ओठ निळसर झाले होते. छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत होता. पंप तिच्या कमरेलाच होता गं, आणि तिने तो मारला नव्हता, कारण मारला की मोजावा लागतो, आणि तक्त्यावर लिहावा लागतो.

मी तिला मांडीवर सरळ बसवलं, पंप दिला, मोजलं, परत दिला. सान्या धावत आली, तिने गाडी काढली. पाझिनला पोचेपर्यंत रंग परत आला होता. वाटेत मागच्या सीटवर ती माझ्या कानात म्हणाली, ‘नोना, बाबांना सांगू नकोस. आता कुणाला पाठवतील?’

‘कुणाला म्हणजे?’

‘कोंबड्यांना. नाहीतर तुला. तू त्यांच्यात काम करतेस ना.’

मी म्हटलं, कुणी कुणाला पाठवत नाही, आणि बीबा तुझ्यामुळे गेली नाही. तिने मान हलवली. ‘तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस. नेविया आजी डॉक्टरांपाशी होती. तिने मला गाडीत सांगितलं की बीबामुळे मी आजारी पडते, आणि ती जाईल तेव्हा मी शहाण्या मुलीसारखं रडायचं नाही.’ आणि मग म्हणाली, ‘आणि तूच म्हणाली होतीस.’

हेही खरं आहे. मे महिन्यात एकदा ती विचारत होती, नोना, तू जंगलात का जात नाहीस, नोना, चल ना. मी भांडी घासत होते. मागे न वळता म्हटलं, ‘तुझ्यासाठी गेली ती कुत्री, आता मला विचारू नकोस.’ एवढंच. आठ वर्षांच्या पोरीने ते पाच महिने छातीवर वागवलं, आधीच कमी हवा असलेल्या छातीवर. तुमच्या खोट्याला मीसुद्धा एक दगड लावला.

म्हणून काल मी अर्मांदोकडे गेले. दुपारची, पायी. खानावळ बंद होती, तो अंगणात टोपल्या घासत होता. बीबा साखळीवर नव्हती. तिने मला पाहिलं आणि अशी धावत आली की मी भिंतीला टेकले म्हणून उभी राहिले. जाड झाली आहे. कानामागे पूर्वी होतं तसंच तेलकट वास येणारं केसांचं गुंतवळ आहे.

अर्मांदो म्हणाला, ‘चौदा जागा दाखवल्यात तिने मला. तुझा नवरा हुशार होता, फूमा.’

मी म्हटलं, ‘होता. म्हणून तर तुला त्याच्या कुत्रीला विचारावं लागतं.’

तो हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला. ‘लिव्यो म्हणाला, आईला ही नजरेसमोर नको झालीय, झ्वानेची आठवण येते. म्हणून घेतली मी. नाहीतर मेलेल्या माणसाची कुत्री त्याच्या बायकोकडून मी घेतली असती? वीस वर्षं त्याच्या मागे फिरलो, पण त्याच्या दारातून काही उचललं नाही कधी.’

म्हणजे त्यालाही खोटंच सांगितलेलं. मी कागद दाखवला नाही. एवढंच म्हटलं, मला ती परत हवी आहे. तो बराच वेळ टोपली घासत राहिला. शेवटी म्हणाला, ‘हंगाम ऐन भरात आहे, बाई.’ आणि मग, ‘बारा तारखेला रविवारी आणून सोडतो. जागा मात्र मला आता माहीत झाल्या, त्या काही विसरता यायच्या नाहीत.’

मी म्हटलं, राहू देत. खरंच राहू देत. जंगलात आता मी लिव्योला घेऊन जाईन, तो आला तर. अजून त्याला तसं म्हटलेलं नाही. तो माझ्याशी बोलत नाही, मी त्याच्याशी बोलत नाही, मध्ये सान्या ताटं वाढते. कागद पाहून ती रडली. तिला इटालियन येत नाही. लिव्योने आणि तू सांगितलंत, ते तिनेही खरं मानलं होतं.

आता तुझं काम. दर वर्षी सेंट मार्टिनच्या सणाला तू नवी वाइन चाखायला येतेस. या वर्षी अकरा तारखेला शनिवार आहे. त्या दिवशी ये. बीबा रविवारी अंगणात येईल, आणि त्याआधी लोरेनाला खरं कळलेलं असायला हवं. नाहीतर कुत्री परत आली की ही पोर प्रत्येक खोकला गिळेल, तिला पुन्हा पाठवू नये म्हणून, आणि एखाद्या दिवशी पोत्यामागे मला उशीर होईल. माझ्यावर तिचा विश्वास नाही. बापाने सांगितलं तर तिला वाटेल मी भांडून त्याला बोलायला लावलं. डॉक्टरांपाशी तू होतीस. ती तुझंच ऐकेल.

तिच्यापुढे बस, कागद मांडीवर घे आणि ओळ न ओळ वाच. मांजर, धूळ, कुत्रा. आणि तिला सांग, ‘मी खोटं बोलले.’ ‘मोठ्यांचं काहीतरी होतं’, ‘चुकून झालं’, असं म्हणू नकोस. माझी बाजूही घेऊ नकोस. मी लपवाछपवी केली हे सांगायचं असेल तर तेही सांग, मी तिथेच बसलेली असेन. रडू नकोस, नाहीतर ती तुला समजावत बसेल. ती तशी आहे.

तू आली नाहीस, तर तुझं पत्र मीच तिला वाचून दाखवेन, आणि तपासणीचा कागद त्याच्या शेजारी ठेवेन. तिला आता छान वाचता येतं. मला ते करायचं नाही, नेविया. तिच्या नेविया आजीने समोर बसून खरं सांगितलं, हे तिच्याजवळ राहावं, असं मला वाटतं. माझ्याजवळ आता तुझ्याबद्दल काय राहील, ते मला माहीत नाही. पुढे कधी कळेल. त्याची आत्ता घाई नाही.

बस अकरा वीसची आहे. पत्राच्या शेवटी मी नेहमी लिहिते की तुझी वाट बघते. या वेळी ते लिहीत नाही. ये.

फूमा